डी भरलं, मग हाडं ठिसूळ कशी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते मांडते, चुकलं तर सांगा. आई ५७ वर्षांच्या, देवगडकडच्या गावात राहतात. गेल्या जुलैत न्हाणीच्या पायरीवर पाय घसरला आणि हात टेकला तेव्हा उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टरच्या वेळी रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११. आठ आठवडे ६०,००० युनिटची पाकिटं घेतली, आता ते ४६ झालंय. मनगट जुळल्यावर तुम्ही त्यांना कोल्हापूरला नेऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून आणलीत, तर मणक्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून दिलेला आकडा) उणे २.९. तुम्ही विचारताय की कोकणात उन्हातान्हात वावरणाऱ्या बाईला डी कमी पडलंच कसं, भरल्यावरही हाडं ठिसूळ कशी, शेजारच्या काकूंना दिलं तसं सहा लाख युनिटचं इंजेक्शन घ्यावं का, आणि तुम्हीही पाकिटं सुरू करावीत का. अगदी शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ४१व्या वर्षी आईची पिशवी काढली, आणि थायरॉइडची १०० ची गोळी दोन वर्षांपासून तशीच चालू आहे.

मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. डीचा आकडा कागदावर छापून येतो, त्याच्याशेजारी बाण असतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथे जातं. पिशवीचं ऑपरेशन सोळा वर्षांपूर्वीचं, ते कुठल्याच रिपोर्टवर नसतं.

मी फिजिशियन आहे, सिंधुदुर्गात बावीस वर्षं दवाखाना चालवते. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे पुढे जिथे जिथे ‘अमुक असेल तर’ म्हटलंय तिथे ते खरंच तपासून घ्यायचं आहे.

आधी हाड म्हणजे काय चाललेलं असतं ते. आपल्याकडे पावसाच्या आधी कौलारू घर शाकारतात, तसं हाड आयुष्यभर शाकारलं जात असतं. फरक इतकाच की घराचं काम मे महिन्यात उरकतं आणि हाडाचं एकाच वेळी हजारो जागी बारा महिने चालू. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, त्यांच्या मागून दुसऱ्या पेशी येऊन नवं भरतात. एका जागचं काढायचं काम दोन-तीन आठवड्यांत होतं, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. हा वेळेचा फरक लक्षात ठेवा. काढणारे गडी नेहमीच चपळ, बसवणारे सावकाश. म्हणून एकाच वेळी फार जागा उघडल्या की घर गळायला लागतं, बसवणारे कितीही प्रामाणिक असले तरी.

काढणाऱ्या गड्यांना आवरून धरणारं हॉर्मोन म्हणजे इस्ट्रोजेन. त्याच्यामुळे पोखरणाऱ्या पेशी कमी तयार होतात आणि लवकर मरतात. पाळी जाते तेव्हा हा मुकादमच निघून जातो. त्या सुमाराची काही वर्षं मणक्याचं हाड वर्षाला साधारण दोन टक्के घटतं, पुढे वेग मंदावतो पण थांबत नाही. मणका आणि मनगट आधी का जातात, तर तिथलं आतलं हाड जाळीदार असतं. जाळीला पृष्ठभाग जास्त, म्हणजे पोखरायला जागा जास्त.

व्हिटॅमिन डी हे काम करतच नाही. ते कौलं आणणारा टेम्पो आहे. आपण खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात आणायचं हे त्याचं मुख्य काम. डी पुरेसं असेल तर अन्नातलं तीस ते चाळीस टक्के कॅल्शियम आत येतं, नसेल तर जेमतेम दहा-पंधरा टक्के. नावात व्हिटॅमिन असलं तरी वागणूक हॉर्मोनचीच: कातडीत तयार होतं, यकृतात एक बदल होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते आतड्याला हुकूम सोडतं. किडनी निकामी होत चाललेल्या माणसाला म्हणूनच साधी पाकिटं पुरत नाहीत, शेवटचा बदल करणारा कारखानाच बंद असतो. फिट्‌सच्या काही जुन्या गोळ्याही डी लवकर संपवतात. आईंना यातलं काही नसेल असं धरून चालते.

तिसरं पात्र पॅराथायरॉइड. मानेत थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या चार ग्रंथी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. या ग्रंथींची पहिली नोंद माणसात नव्हे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय एकशिंगी गेंड्यात झाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास ते शवविच्छेदन केलं. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८० साली स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी लिहिलं. या ग्रंथींना हाडांची फिकीर नाही. त्यांना फक्त रक्तातलं कॅल्शियम ८.५ ते १०.५ मध्ये ठेवायचं असतं, कारण हृदय आणि नसा त्यावर चालतात. आतड्यातून कॅल्शियम आलं नाही की त्या हाडातून काढून रक्तात घालतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, त्यामुळे ही उचल वर्षानुवर्षं चालते आणि रक्ताचा रिपोर्ट ‘कॅल्शियम नॉर्मल’ असाच येत राहतो. कॅल्शियम नॉर्मल आहे म्हणजे हाडं ठीक आहेत असा अर्थ काढू नका, ही चूक मी डॉक्टरांनाही करताना बघते.

आता आईंचं गणित मांडा. डी ११ होतं तेव्हा त्यांच्या हाडांतून दोन वाटांनी गळती चालू असणार. एक पॅराथायरॉइडची उचल, दुसरी इस्ट्रोजेन नसल्याची. आठ पाकिटांनी पहिली वाट बंद झाली, छान झालं. दुसरी वाट ४१व्या वर्षापासून उघडी असेल, तर तिच्यावर पाकिटांचा काही इलाज नाही. शाकारणीच्या भाषेत सांगायचं तर कौलांचा टेम्पो दारात उभा आहे आणि काढणारे गडी अजून छपरावर नाचतायत. आणखी दहा टेम्पो मागवून उपयोग काय?

‘असेल तर’ म्हटलं, कारण पिशवी काढली म्हणजे इस्ट्रोजेन गेलं असं नाही. इस्ट्रोजेन ओव्हऱ्यांत, म्हणजे अंडाशयांत, तयार होतं, गर्भपिशवीत नाही. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, ओव्हऱ्या आपलं काम चालू ठेवतात, फार तर एरवीपेक्षा थोड्या लवकर थकतात. दोन्ही ओव्हऱ्या काढल्या असतील तर मात्र इस्ट्रोजेन एका दिवसात जवळपास संपतं. आपल्या गावांत बायका ‘पिशवी काढली’ एवढंच सांगतात, आणि त्यांना विचारलेलंही नसतं, सांगितलेलंही नसतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींना स्वतःच्या पोटात ओव्हऱ्या आहेत की नाहीत हे ठाऊक नाही. मी हे तक्रारीच्या सुरात लिहितेय, आणि तशीच ती तक्रार आहे.

शोधायचं कसं? पहिलं, डिस्चार्ज कार्ड किंवा काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट. तो ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, एलआयसीच्या पिशवीत कुठेतरी असतो. दुसरं, आईंना सरळ विचारा: ऑपरेशननंतर महिन्याभरात अंगातून वाफा निघायला लागल्या का, रात्री घामाने झोपमोड व्हायची का? लगेच सुरू झालं असेल तर ओव्हऱ्या गेल्या असण्याचा संभव बराच. चार-पाच वर्षांनी सुरू झालं असेल तर त्या होत्या. कुणी हॉर्मोनची रक्ततपासणी करा म्हणेल, पण ५७व्या वर्षी तिचा इथे उपयोग नाही. ओव्हऱ्या असोत वा नसोत, या वयाला आकडा पाळी गेलेल्या बाईचाच येणार. हवीच असेल तर पोटाची सोनोग्राफी, पण या वयात आकसलेल्या ओव्हऱ्या दिसतीलच असं नाही, त्यामुळे ‘दिसल्या नाहीत’ म्हणजे ‘काढल्या’ असा अर्थ होत नाही.

उत्तर ‘काढल्या’ असं आलं तर ४१ ते साधारण ४७, म्हणजे भारतीय बायकांची पाळी जाते त्या वयापर्यंतची, पाच-सहा वर्षं त्यांच्या हाडांनी फुकट गमावली. त्या वेळी इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्यायचा विचार व्हायला हवा होता. आता? २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आल्यापासून या गोळ्यांना लोक बिचकतात. त्याच चाचणीत खुब्याची फ्रॅक्चर्स कमी झाल्याचंही दिसलं होतं. ती भीती साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बायकांना जशीच्या तशी लावणं चूक आहे. पण आईंना सोळा वर्षं झालीत. आज नव्याने, केवळ हाडांसाठी, मी त्या सुरू करणार नाही. हाडांसाठी दुसरी, नेमकी औषधं आहेत.

पुरुषांनी इथे वाचणं थांबवू नये. १९९४ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका तरुणाची हकीकत छापली. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढ चालूच, कारण हाडांची टोकं बंदच झाली नव्हती. हाडं ठिसूळ. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. बिघाड होता तो इस्ट्रोजेनचा निरोप पेशींना कळण्यात. पुरुषाचं शरीरही टेस्टोस्टेरॉनमधून थोडं इस्ट्रोजेन बनवतं आणि हाडांसाठी तेच वापरतं. सत्तरीच्या आजोबांचा खुबा मोडला की ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. त्यांचीही डेक्सा व्हायला हवी.

कोकणात डी कमी कसं, हा तुमचा पहिला प्रश्न. मला तो आवडतो, कारण उत्तर आपल्या घरांच्या बांधणीत आहे. कातडीत डी बनवणारे किरण सूर्य पुरेसा वर असतानाच जमिनीपर्यंत पोचतात. ढोबळ खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. आपण १६-१७ अंश अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरातही भर दुपारी सावली आखूडच पडते, आणि मे महिन्यात एक दिवस ती थेट पायाखाली येते. ऊन कमी नाही. पण त्या आखूड सावलीच्या वेळेला आपल्या बायका असतात कुठे? सकाळी सातला अंगणात, विहिरीवर. ते कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, डीच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी. अकरा ते दोन त्या माजघरात, चुलीशी, पडवीत, किंवा पोफळीच्या बागेत, जिथे दुपारीही अंधारल्यासारखं असतं. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या नऊ ते पाच पत्र्याखाली. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, ते किरण काच अडवते. कातडी सावळी असेल तर वेळ जास्त लागतो, वय झालं की आणखी जास्त. कपड्याने अंग पूर्ण झाकणाऱ्यांचा प्रश्न उघडच आहे. याउलट कातळावर भात झोडणारी किंवा बंदरावर मासळी वाळत घालणारी बाई तपासली तर डी बऱ्याचदा ठीक निघतं. तिची हाडं दुसऱ्या कारणांनी झिजतात.

पाऊसही विसरू नका. जून ते सप्टेंबर ढग. त्यातच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तारली आणि बांगडा यांच्यासारख्या तेलकट माशांत थोडंफार डी असतं, तेही ताटातून जातं. बंदी उठेपर्यंत बऱ्याच घरांत श्रावण लागतो आणि नारळी पौर्णिमेला होड्या गेल्या तरी घरात मासळी येत नाही. रक्तातलं जे डी आपण मोजतो ते नवी भर पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत निम्मं होतं. चरबीतला साठा थोडा आधार देतो, एवढंच. म्हणून मे अखेरीस काढलेला आकडा आणि गणपतीत काढलेला आकडा यांची तुलना करू नका. आईंचं ११ पावसात काढलेलं आहे. ते कमीच होतं, वाद नाही, पण कदाचित त्यांच्या वर्षातलं ते तळाचं असेल.

आता हाडं ठिसूळ की हाडं मऊ, हा फरक. याने उपचार बदलतो आणि इथेच मी एकदा सपशेल चुकले आहे. ठिसूळ म्हणजे ऑस्टिओपोरोसिस: हाडाचा माल चांगला, पण कमी. दुखत नाही, मोडेपर्यंत कळत नाही. मऊ म्हणजे ऑस्टिओमलेशिया: डी बराच काळ अगदी तळाला गेल्याने नव्या हाडात खनिज भरतच नाही, ओल्या गिलाव्यासारखं राहतं. हे दुखतं. कंबर, मांड्या, फासळ्या दाबल्या तरी दुखतात, आणि मांड्यांची ताकद जाते. ‘बाई, खाली बसला की उठाक जमणा नाय’ असं पेशंट म्हणाली की माझे कान टवकारतात. चाल बदकासारखी डुलते. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं, पॅराथायरॉइडचं हॉर्मोन वाढतं, फॉस्फरस उतरतो. गंमत अशी की डेक्सा यंत्राला फक्त खनिज दिसतं. खनिज कमी का, माल कमी म्हणून की भरलं नाही म्हणून, हे त्याला कळत नाही. दोन्हीत टी-स्कोअर उणेच येतो.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. साठीच्या एक बाई, मणका दबलेला, डेक्सा खराब. मी वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन लावलं आणि डी तपासलं नाही. ते औषध काढणाऱ्या गड्यांना एकदम थोपवतं. चौथ्या दिवशी त्यांना घरच्यांनी उचलून आणलं: ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं आखडून चोचीसारखी झालेली. कॅल्शियम साडेसहा. डी नंतर तपासलं तर सहा. म्हणजे आतड्यातून कॅल्शियम येत नव्हतं, रक्ताचा सगळा भार हाडातल्या उचलीवर होता आणि मी ती उचलच बंद केली. शिरेतून कॅल्शियम देऊन त्या सावरल्या. वर्षभर नुसतं डी आणि कॅल्शियम दिल्यावर त्यांची डेक्सा पुष्कळ सुधारली. मूळ दुखणं बरंचसं मऊ हाडांचंच होतं. तेव्हापासून आधी डी भरायचं आणि मगच हाडांचं औषध, हा क्रम मी मोडलेला नाही.

आईंचं डी ११ होतं, मऊपणा साधारण त्याहूनही खाली गेल्यावर दिसतो. दुखणं, उठायला त्रास, असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. तरी औषध सुरू करण्याआधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन एकदा करून घ्या. डी ४६ असूनही कॅल्शियम जास्त आणि पॅराथायरॉइडही जास्त आलं तर प्रकरण वेगळं: चारपैकी एका ग्रंथीत गाठ असू शकते. आईंना मूतखड्यांचा त्रास असेल तर हे नक्की बघा. मूतखडा म्हटलं की आपण पाण्यावर खापर फोडतो आणि मानेकडे कुणी बघत नाही.

थायरॉइडची गोळी. १०० ची मात्रा दोन वर्षं न तपासता चालू आहे. मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली की तीही हाडं झिजवते, पोखरणं आणि भरणं दोन्हीचा वेग वाढतो आणि भरणं मागे पडतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा. तो अगदी तळाला गेला असेल तर मात्रा कमी करायला सांगा. फुकटातला उपचार आहे, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही हे ओघाने आलंच.

आणखी एक प्रश्न आईंना एकटं गाठून विचारा: सांधेदुखीसाठी कुणाकडून बिननावाची पुडी किंवा गोळ्या आणतात का? एस.टी. स्टँडजवळच्या कुणाकडून, कुणाच्या ओळखीतून? ज्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार होतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो, तिच्यात स्टिरॉइड असल्याचा संशय मी आधी घेते. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम तीन महिने घेतलं तरी हाडांचा विचार करावा लागतो. ते हॉर्मोन भरणाऱ्या पेशींनाच मारतं. आणि पुडी बऱ्याच दिवसांची असेल तर एकदम थांबवणंही धोक्याचं, डॉक्टरांना दाखवून कमी करत आणावी लागते.

सहा लाखांचं इंजेक्शन: नको. डी ४६ असताना तर मुळीच नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या सव्वादोन हजार बायकांवर अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्या बायका न दिलेल्यांपेक्षा जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. थोडं थोडं नियमित, हेच बरं. पाकिटांचाही अतिरेक होतो. आठवड्याचं पाकीट रोज घेणारे माझ्याकडे आलेत, चिठ्ठीवरचं अक्षर वाचता आलं नाही म्हणून. उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ, भ्रमिष्टासारखं बोलणं, कॅल्शियम तेरा. डी चरबीत साठतं, त्यामुळे उतरायला महिने लागतात. आईंना आता महिन्याला एक पाकीट पुरे, दुपारच्या जेवणानंतर. डी स्निग्ध पदार्थाबरोबर चांगलं शोषलं जातं, आणि आपल्या जेवणात नारळ असतोच.

तुमच्याबद्दल. चौतिशीच्या धडधाकट माणसाने डी तपासत बसू नये आणि हाडं मजबूत होतील म्हणून पाकिटंही घेऊ नयेत, असं माझं मत. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या चाचणीत रोज २,००० युनिट घेऊन फ्रॅक्चर कमी झाले नाहीत, २०२२ मध्ये ते छापून आलं. ती माणसं डीची कमतरता म्हणून निवडलेली नव्हती, हे लक्षात ठेवून वाचायचं. ज्याला कमी आहे त्याला देणं वेगळं आणि भरलेल्या हंड्यात ओतणं वेगळं. तुम्ही दुपारी ऑफिसखाली वीस मिनिटं बाह्या दुमडून चाला. आणि पाळी चाळिशीतच अनियमित होऊन थांबली, किंवा कुणी पिशवी काढायला सांगितली, तर ओव्हऱ्यांचं काय करणार हे आधी विचारा.

कॅल्शियम शक्यतो ताटातूनच. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पेलाभर दुधात अडीचशे, कुळीथही चांगला. जवळा, सुकट, मांदेली काट्यासकट खाल्ली जाते तेव्हा तिचं कॅल्शियम मिळतं. सुरमईच्या तुकडीत ते मिळत नाही, काटा ताटाच्या कडेला जातो. माझ्या सासूबाई पावसाळ्यात सुक्या जवळ्याची चटणी रोज करायच्या, तेव्हा मी खारट म्हणून नाक मुरडायचे. मीठ जास्त हे खरंच, बीपी असेल तर जवळा धुऊन घ्या. एवढं जमत नसेल तर ५०० ची एक गोळी जेवणाबरोबर, दोन-तीन नकोत.

मग हाडांचं औषध. उभ्याने पडून मनगट मोडलंय आणि टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आहे, त्यामुळे वरच्या तपासण्या ठीक आल्या तर मी ते सुरू करीन. सगळ्यात साधं म्हणजे ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्याला एक. उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं. चहाबरोबर घेतली तर गोळी वाया गेली. कोकणातल्या बाईला सकाळचा चहा अर्धा तास पुढे ढकलायला लावणं हे माझ्या प्रॅक्टिसमधलं सगळ्यात अवघड काम आहे. पित्ताचा त्रास असेल, गिळताना अडकत असेल तर वर्षातून एकदाचं सलाईन. सुरू करण्याआधी दात बघून घ्या, काढायचे असतील तर आधी काढा. ही औषधं जन्मभर नसतात. गोळ्यांची पाच, सलाईनची तीन वर्षं झाली की थांबून पुन्हा विचार करायचा.

दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शनही आहे. औषध चांगलं आहे, पण ते तारखेला बांधलेलं. चुकलं की गळती दुप्पट जोराने सुरू होते आणि मणके एकामागून एक दबू शकतात. इथे माणसाची परिस्थिती बघावी लागते. माझ्या एका पेशंटचा मुलगा इंजेक्शन मुंबईहून आणतो, एक गणपतीला आणि एक शिमग्याला. सहा महिन्यांचं अंतर बरोबर जमतं, पण ज्या वर्षी अधिक महिना येऊन गणपती पुढे सरकतो त्या वर्षी मी त्याला आधीच फोन करून ठेवते. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर त्या इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नका.

राहिली ती पायरी. आईंचं हाड ठिसूळ होतं हे खरं, पण ते मोडलं शेवाळावर. जांभ्याच्या चिऱ्याला पावसात जे बुळबुळीत शेवाळ धरतं ते औषधाने जात नाही. दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, आणि ते आईंनी नाही, दुसऱ्या कुणी. न्हाणीच्या दाराला धरायला एक लोखंडी दांडी बसवून घ्या, गावातला वेल्डर तासाभरात लावून देईल. रात्री मागच्या दारी जायच्या वाटेवर दिवा हवा. चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदू तपासला नसेल तर तोही.

आठवडाभरात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड आणि टीएसएच एवढं करून घ्या. डी पुन्हा आत्ताच करू नका, पैसे वाया जातील. आणि ऑपरेशनचा कागद सापडला तर त्यावर ओव्हऱ्यांबद्दल काय लिहिलंय ते इथे कळवा, ‘दोन्ही’ असा शब्द आहे की नाही तेवढंच मला बघायचंय.